बिकानेरला एटीआर उतरवायला लागलेले नऊ महिने

२७ जून २०२५ ला माझा रिलीज चेक झाला, म्हणजे एटीआर या पंख्यांच्या छोट्या प्रवासी विमानावर फर्स्ट ऑफिसर (को-पायलट) म्हणून ट्रेनिंगमधून मोकळं करणारी शेवटची परीक्षा, आणि त्यानंतर तीन दिवस मी जवळजवळ नुसती झोपले, म्हणून लिहायला उशीर झाला. सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्स, हातात आल्यावर नक्की काय काय होतं हे मला कुणी नीट सांगितलं नव्हतं. यूट्यूबवर एक तर पायलट कसं व्हायचं ते असतं, नाहीतर डायरेक्ट कॉकपिटमधला सूर्योदय. मधले महिने कुणीच दाखवत नाही, त्यात कागद असतात, वाट बघणं असतं आणि ईएमआय असतो. ते मधलं मी इथे लिहितेय, कुणाला उपयोग झाला तर झाला.

मी भुसावळची. पप्पा रेल्वेत लोको पायलट होते, आता रिटायर. माझं सीपीएल झालं तेव्हा आख्ख्या कॉलनीत एकच जोक फिरत होता की घरात आता दोन पायलट, एक रुळावरचा आणि एक रुळावरून घसरलेला. फ्लाइंग बारामतीला केलं, दोनशे तास, त्यात आरटीआरच्या (रेडिओवर बोलायच्या लायसन्सच्या) तोंडी परीक्षेला एकदा आपटले, दुसऱ्यांदा पास. लायसन्स आलं ऑगस्ट २०२३ ला आणि नोकरीचं पत्र आलं सप्टेंबर २०२४ ला. म्हणजे तेरा महिने घरी.

त्या तेरा महिन्यांची एकच गोष्ट सांगते, बाकी सोडून देते. नोकरी नसली तरी क्लास वन मेडिकल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (आयआर, म्हणजे बाहेर दिसत नसताना यंत्रांवर उडवायची परवानगी) चालू ठेवा. दोन्हींची मुदत वर्षाची असते. मी मेडिकल चालू ठेवलं पण आयआर लॅप्स होऊ दिलं, म्हटलं नोकरी लागली की बघू. नोकरी लागली तेव्हा हातात दहा दिवस होते आणि ट्विन इंजिनवर तास घेऊन चेक देऊन ते रिन्यू करायला सगळं मिळून दीड लाखाच्या आसपास गेले. तेच सवडीने केलं असतं तर निदान रात्रीची झोप तरी गेली नसती.

२३ सप्टेंबर, सोमवार, दिल्ली. जॉइनिंग. टाइप रेटिंगचा, म्हणजे त्या एका प्रकारच्या विमानाच्या परवानगीचा, खर्च माझा मलाच करायचा होता, राहण्याखाण्यासकट साधारण चौदा लाख, त्यातले दहा बँकेचे आणि चार पप्पांच्या पीएफमधले. हा आकडा मी मुद्दाम लिहितेय कारण मला कुणी सांगितला नव्हता आणि विचारायला लाज वाटायची.

ग्राउंड क्लासेस महिनाभर. एटीआर ७२-६०० म्हणजे दोन टर्बोप्रॉप इंजिनं, प्रत्येकाला सहा पात्यांचा पंखा, सत्तर-बहात्तर प्रवासी, २३ टन वजन आणि वर जायची मर्यादा पंचवीस हजार फूट. माझ्या बॅचमधल्या निम्म्या पोरांना मनातून एअरबस हवी होती, ते 'पंखेवालं विमान' म्हणून नाक मुरडायचे. मला हे विमान पहिल्या दिवसापासून आवडलं, एक तर यात पायांना काम असतं. पॉवर हलवली की नाक बाजूला पळतं, लगेच पायाने रडर (शेपटीवरचं सुकाणू) द्यावा लागतो.

एक गंमत तेव्हाच कळली. यात एपीयू नाही. मोठ्या विमानाच्या शेपटीत एक छोटं इंजिन असतं, जमिनीवर वीज आणि एसी त्याच्यावर चालतो. एटीआरमध्ये ते काम उजवं इंजिनच करतं, म्हणजे इंजिन चालू पण पंख्याला ब्रेक लावून पंखा उभा. याला हॉटेल मोड म्हणतात. क्लासमध्ये ऐकून आम्ही हसलो होतो. बिकानेरला ४५ डिग्रीत उभं राहिल्यावर कुणी हसलं नाही, पण ते पुढे.

सिम्युलेटरचा स्लॉट नोव्हेंबरला मिळणार होता, मिळाला जानेवारीत. का ते विचारायचं नसतं. या काळात पगार म्हणजे नुसता स्टायपेंड, द्वारकात तिघींमध्ये एक फ्लॅट, आणि दिल्लीची थंडी, जिची भुसावळच्या माणसाला सवयच नाही. सिमचे स्लॉट रात्री दोन ते सहा. टिप अशी की सिमच्या आधीचे चार दिवस रात्री जागायची सवय लावून घ्या, चेकलिस्टचे फ्लो, म्हणजे कुठल्या क्रमाने काय करायचं ते, भिंतीवर कॉकपिटचं पोस्टर लावून हाताने करा, मी बाथरूमच्या दारावर लावलं होतं आणि रूममेट वैतागायची. तिसऱ्या सेशनला टेकऑफनंतर इंजिन फेल दिलं आणि मी उलटा पाय दाबला. नुसता उलटा नाही, चांगला जोर लावून उलटा. इन्स्ट्रक्टरनी सिम थांबवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "अब घर जाके सोचो, कौनसा पैर मरा." जो पाय काम करत नाहीये त्याच बाजूचं इंजिन गेलेलं असतं, हे पाठ करायचं वाक्य आहे, पण पायाला पाठ व्हायला मला अजून दोन सेशन लागले. एक जादा सेशन घ्यावं लागलं, त्याचे पैसे वेगळे.

फेब्रुवारीत बेस ट्रेनिंग. रिकामं विमान, पहाट, जयपूर, सहा टेकऑफ सहा लँडिंग. पहिल्या लँडिंगला मी पॉवर लवकर ओढली. एटीआरमध्ये पॉवर फ्लाइट आयडलला, म्हणजे हवेतल्या सगळ्यात कमी पॉवरला, आणली की ते सहा-सहा पात्यांचे दोन पंखे ब्रेकसारखेच वागतात, विमान तरंगत वगैरे नाही, बसतं. बसलंच. मागच्या सीटवरचा बॅचमेट नंतर म्हणाला की त्याची फिलिंग निघाली. सहावं बरं झालं.

मग एंडोर्समेंटची, म्हणजे लायसन्सवर एटीआरची नोंद करून घ्यायची, फाइल ईजीसीए या सरकारी पोर्टलवर. इथे चूक पूर्ण माझी. लॉगबुकच्या एका पानाची बेरीज ०.१ तासाने चुकली होती आणि ती चूक पुढच्या अकरा पानांवर चालत आली होती. ऑब्झर्वेशन, म्हणजे हरकत, लागलं, दुरुस्त करून प्रत्येक पानावर सही शिक्का घेऊन परत टाकली, तेवीस दिवस गेले. प्रत्येक पानाची बेरीज आधी पेन्सिलने करा, कॅल्क्युलेटरवर दोनदा तपासा, मग पेन. स्कॅन मोबाइलने नको, सावली येते. पन्नास रुपये द्या आणि दुकानातून करून घ्या.

त्याच काळात विमानतळाचा पास, ज्याला एईपी म्हणतात. त्यासाठी आधी एव्हसेकचं (विमानतळ सुरक्षेचं) ट्रेनिंग आणि मग पोलीस व्हेरिफिकेशन. माझा कायमचा पत्ता भुसावळ, राहते दिल्लीत, आणि दिल्लीचं भाडेपत्र आम्ही साध्या स्टॅम्प पेपरवर केलेलं. ते चाललं नाही. घरमालक काकांना मनवून नवीन करार करायला आठवडा, मग भुसावळला पोलिस घरी आले तेव्हा आई एकटी होती आणि तिने घाबरून आधी पप्पांना बोलावलं आणि मग शेजारच्या तीन काकूंना. पास हातात आला २ एप्रिलला. पास नाही तोपर्यंत तुमच्याकडे कितीही रेटिंग असलं तरी तुम्ही गेटच्या बाहेर.

१४ एप्रिलला लाइन ट्रेनिंग सुरू. म्हणजे खरे प्रवासी, डावीकडे ट्रेनिंग कॅप्टन, उजवीकडे मी आणि मागे जंप सीटवर सेफ्टी पायलट म्हणून एक अनुभवी फर्स्ट ऑफिसर, समजा कॅप्टनला काही झालं तर एकटी मी चालणार नाही म्हणून. प्रत्येक ड्युटीच्या आधी ब्रेथ ॲनालायझरमध्ये फुंकायचं. माउथवॉश अजिबात वापरू नका, त्यात अल्कोहोल असतं. हे पप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "त्यात काय, आमच्या लॉबीत पण फुंकूनच गाडी मिळायची." पप्पांना माझ्या कामातलं सगळ्यात जास्त कौतुक एकाच गोष्टीचं, वेळेचं. रोज रात्री फोन केला की पहिला प्रश्न, "लेट किती?"

माझ्या रोस्टरमध्ये दिल्ली-बिकानेर आलं मे महिन्यात. बिकानेरचा विमानतळ म्हणजे नाल, शहराच्या पश्चिमेला, हवाई दलाचा तळ, त्याच्या एका कडेला नागरी प्रवाशांची छोटीशी टर्मिनल. एटीसी हवाई दलाचं, त्यांची उड्डाणं असतील तर आपण थांबायचं. तळाबद्दल याहून जास्त मी इथे लिहिणार नाही आणि फोटोही नाहीत, कमेंटमध्ये मागू नका.

तिथला पहिला सेक्टर, म्हणजे पहिली फेरी, होता ९ मे, शुक्रवार. पाकिस्तानच्या सीमेवर तेव्हा काय चाललं होतं ते सगळ्यांना माहितीये. सात तारखेपासूनच उत्तर आणि पश्चिमेकडचे विमानतळ नागरी विमानांसाठी बंद व्हायला लागले होते, नऊला त्यांचा आकडा ३२ झाला, त्यात बिकानेर. १२ मे ला परत उघडले. तो आठवडा मी फ्लॅटवर बसून नालचे चार्ट वाचत होते, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

अभ्यासात एक गोष्ट डोक्यात बसली ती सांगते. नालची उंची साडेसातशे फुटांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पण ४४-४५ डिग्रीला हवा इतकी पातळ होते की विमानाच्या दृष्टीने ते साडेचार हजार फुटांवर असतं. म्हणजे महाबळेश्वर! थर्मामीटर वाळवंटात आणि इंजिन-पंखे महाबळेश्वरला. पंख्याला पकडायला हवा कमी, इंजिनाला श्वास कमी, रनवे जास्त लागतो आणि एखादं इंजिन गेलं तर वर चढायची ताकद कमी. मग टेकऑफचं वजन कमी करावं लागतं. कधी इंधनात बसवता येतं, कधी बॅगा मागे राहतात, कधी सीटच रिकाम्या सोडतात. प्रवासी म्हणतात विमान रिकामं आहे तरी मला तिकीट का नाही दिलं. त्याचं उत्तर हे.

१७ मे, शनिवार. दिल्लीहून दुपारी निघालो, माझा सेक्टर, म्हणजे चालवणार मी. कॅप्टन सर आधी हवाई दलात होते, राजस्थान त्यांच्या पायाखालचा. फ्लाइट लेव्हल १६० ला, म्हणजे सोळा हजार फुटांवर, खाली हरियाणाची शेतं हळूहळू पिवळी पडत गेली आणि मग रंगच संपला. उतरायला सुरुवात करायच्या आधी नालच्या हवेचा रिपोर्ट घेतला, व्हिजिबिलिटी तीन हजार मीटर, धूळ उडतेय, वारा नैऋत्येकडून बावीस नॉट आणि झोत पस्तीसपर्यंत. वारा साधारण रनवेच्याच दिशेने होता म्हणून मी खूश. सर काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "रडारवर काय आहे?"

"काही नाही सर. क्लिअर."

"आणि खिडकीत?"

मी मान वर केली. समोर जमीन आणि आभाळ यांच्या मधे एक तपकिरी भिंत उभी होती. ढग म्हणावं तर वरचा काठ सरळ, आणि खालचा काठ नव्हताच. विमानाचं वेदर रडार पाण्याचे थेंब बघतं, कोरडी धूळ त्याला दिसत नाही. हे मी वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. तरी समोर हिरवी-लाल काहीच नसलेली काळी स्क्रीन बघून मी क्लिअर म्हणून मोकळी झाले. खिडकी नावाचं यंत्र पण आहे हे लक्षातच नाही.

स्पीड १८० वर आणला, झटक्यांच्या हवेत एटीआरचा तोच स्पीड. केबिनला सांगून सगळ्यांना बसवलं, बेल्ट लावले. पुढच्या रिपोर्टमध्ये व्हिजिबिलिटी आली ती पंधराशे मीटर, मग आठशे. होल्डमध्ये गोल फिरलो. एटीआर तासाला सहाशे-साडेसहाशे किलो इंधन खातं, म्हणजे वीस मिनिटं फिरण्यात दोनशे किलो, आणि निर्णय कधी घ्यायचा तो आकडा आम्ही दिल्लीतच कागदावर लिहून ठेवला होता. सर म्हणाले, तू सांग. मला माहीत होतं उत्तर काय आहे. तरी तोंडातून निघायला वेळ लागला, कारण मागे साठ माणसं, नऊ तारखेला हुकलेलं, ट्रेनिंगच्या फाइलमध्ये बिकानेरचा रकाना रिकामा. आकड्याच्या काट्यावर म्हणाले, "जयपूर, सर." ते म्हणाले, "मैं भी यही सोच रहा था, बस देख रहा था कि तू कब बोलती है."

जयपूरला उतरलो, तेल भरलं, वाट बघितली. नालची कामाची वेळ आणि आमची ड्युटीची मर्यादा दोन्ही संपत आल्या तेव्हा कंपनीने परत दिल्लीला बोलावलं. दिल्लीत प्रवासी उतरताना मी मागे दाराशी उभी होते. एक म्हातारी आजी, डोक्यावर ओढणी, हातात मोठा स्टीलचा डबा, माझ्याकडे बघून म्हणाली, "बेटा, बीकानेर तो आया ही नहीं." मी सॉरी म्हणाले, दुसरं काय म्हणणार. तिकीट, परतावा, दुसरी फ्लाइट हे ग्राउंड स्टाफने बघितलं पण तिचा तो डबा माझ्या डोक्यातून आठवडाभर गेला नाही.

रात्री फोन. "लेट किती?"

"पोचलोच नाही पप्पा."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "लाल म्हणजे लाल. मी मनमाडच्या अलीकडे एकदा अडीच तास उभा होतो, पब्लिक शिव्या देत होती. उभं राहायचं." आणि आईकडे फोन दिला.

मेच्या शेवटी अजून एक नियम आला, पश्चिम सीमेजवळच्या संरक्षण दलाच्या विमानतळांवर दहा हजार फुटांच्या खाली खिडक्यांची शटर बंद ठेवायची, उतरल्यावरही विमान जागेवर उभं राहीपर्यंत. फक्त इमर्जन्सी एक्झिटच्या रांगेला सूट.

१० जून, मंगळवार. परत तेच सर, तोच सेक्टर. सकाळी निघालो म्हणून आशा होती. नाल दिलं ४३ डिग्री, व्हिजिबिलिटी पाच हजार, धूसर. दहा हजार फुटांवर केबिन क्रूची अनाउन्समेंट ऐकू आली आणि मागे शटर पटापट खाली गेली. म्हणजे साठ माणसं अंधारात बसून हेलकावे खाणार आणि बाहेर काय चाललंय ते फक्त आम्हा तिघांना दिसणार. तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर उठते, ॲप्रोचवर विमान सारखं वर ढकललं जातं, तुम्ही पॉवर कमी करता, मग पुढच्या शेताच्या तुकड्यावर ते खाली बसतं, परत पॉवर, परत रडर. आणि खाली खूण म्हणावी असं काही नाही. दिल्लीत रस्ते, मॉल, मेट्रो असतात. इथे एक सरळ रस्ता, खेजडीची ठिपक्यांसारखी झाडं, आणि रनवेचा रंग जमिनीत मिसळलेला. मी चुकून दोनदा त्या रस्त्यालाच रनवे समजले. सर शांतपणे "आणखी डावीकडे बघ" इतकंच म्हणाले.

पक्ष्यांचं पण बघावं लागतं. बिकानेरजवळ जोडबीडला मेलेली गुरं टाकायची जागा आहे, हिवाळ्यात तिथे गिधाडं आणि गरुड शेकड्याने येतात, पक्षीप्रेमी मुद्दाम जातात. आम्ही मुद्दाम लांब राहतो. जूनमध्ये ती गर्दी नसते पण घारी असतातच.

हजार फुटांवर रनवे दिसला. त्याच्या कडेला चार दिवे, दोन पांढरे दोन लाल, म्हणजे उंची बरोबर. पन्नास फुटांवर हात शिवशिवला पॉवर ओढायला, नाही ओढली, वीस फुटांवर ओढली. बसलं. फार हळू नाही पण सरळ आणि मधोमध. मग ग्राउंड आयडल, पाती सपाट होतात, पुढून कुणी छातीवर हात ठेवल्यासारखं विमान थांबायला लागतं. सत्तर नॉटला सरांनी कंट्रोल घेतलं कारण नोजव्हील वळवायचा टिलर फक्त डावीकडे असतो, फर्स्ट ऑफिसरला टॅक्सी करताच येत नाही. मी हात मांडीवर ठेवले तेव्हा कळलं की ग्लोव्हज घातल्यासारखे ओले होते.

नाक वाऱ्याकडे करून उभे राहिलो, पंख्याला ब्रेक, हॉटेल मोड. मी वॉकअराउंडला, म्हणजे विमानाभोवती फिरून तपासायला, खाली उतरले. टायरजवळ वाकले तर डांबराची धग चेहऱ्याला लागली, भुसावळच्या मे महिन्याची मला घमेंड होती, ती तिथे उतरली. टॉर्चचा धातू हातात धरवत नव्हता. डोळ्यांत बारीक धूळ, दातांखाली कचकच. आणि वर बघितलं तर अंधारातली शटर एकेक करून वर जात होती, एका खिडकीत एक लहान पोरगा नाक चपटं करून माझ्याकडे बघत होता.

इथे जाणार असाल तर दोन-तीन गोष्टी. पोलराइज्ड गॉगल नको, कॉकपिटच्या स्क्रीन काळ्या दिसतात, साधा गडद गॉगल घ्या. ओआरएसची पाकिटं बॅगेत ठेवा, दोघांनी एकाच वेळी एकच खाणं खाऊ नका. वॉकअराउंडला कॉटनचे हातमोजे. हॉटेल मोडमध्ये केबिन लगेच गार होईल ही अपेक्षा ठेवू नका, प्रवाशांना आधीच सांगून टाका, मग चिडत नाहीत. आणि टेकऑफचं गणित जुन्या तापमानावर करू नका. आम्ही उतरलो तेव्हा ४३ होतं, निघायच्या वेळी ४५, तेवढ्या दोन डिग्रीत परत आकडे काढावे लागले आणि चार बॅगा पुढच्या फ्लाइटवर गेल्या.

नंतर जूनमध्ये अजून दोनदा बिकानेर झालं. रिलीज चेक २७ जूनला, तो डेहराडूनला, पावसात, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, सगळं नेहमीसारखं झालं. आता सेफ्टी पायलट मागे नसतो. पण लँडिंग मला रोज मिळतं असं नाही, असिस्टेड टेकऑफ-लँडिंगची परवानगी असलेला कॅप्टन शेजारी असेल तरच, नाहीतर मी रेडिओ आणि कागद. पहिला पूर्ण पगार जुलैअखेर येईल, पप्पांचे चार लाख परत करायला माझ्या हिशोबाने दीड वर्ष.

रिलीजच्या रात्री घरी फोन केला. आई रडली, काकू लोक स्पीकरवर होत्या, पेढ्यांचं कुणीतरी विचारलं. मग पप्पा आले.

"झालं का?"

"झालं."

"लेट किती?"

"सहा मिनिटं. दिल्लीत टॅक्सीवेवर रांग होती."

"हं," म्हणाले, "आउटरला थांबवतात तसंच."